अंडं, खोकं आणि पोतं

नवऱ्याच्या शर्टाच्या दोन्ही बाजू उसवून, अर्ध्या इंचानं सैल करून पुन्हा शिवायला तिला पंचवीस मिनिटं लागत आणि नवऱ्याची दुपारची झोप होती चाळीस मिनिटांची. उरलेल्या पंधरा मिनिटांत इस्त्री फिरवायची, शर्ट होता तसा खुंटीला अडकवायचा आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्यानं चहा टाकायचा. तीस वर्षांच्या संसारात तिनं हे बावीस वेळा केलं होतं. शर्ट बदलले, खुंट्या बदलल्या, घरसुद्धा दोनदा बदललं, पण चेहरा तोच राहिला.

सुरुवात झाली ती लग्नाच्या चौथ्या वर्षी. नवरा पोस्टात पार्सलाच्या खिडकीवर होता. त्या महिन्यात बढतीच्या यादीतून त्याचं नाव गळालं, पुढचे केस गळायला लागले आणि घरमालकानं खोली सोडायला सांगितली. अशात एका सकाळी त्याचा लग्नातला शर्ट पोटावर बसेना. तो पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आता हेही." बस, एवढंच. धीर कसा द्यायचा हे तिला येत नव्हतं. ती पडली शिवणकाम करणारी बाई, तिला येत होतं ते तिनं केलं. दुसऱ्या दिवशी शर्ट बसला. नवरा आरशासमोर पाच मिनिटं उभा राहिला, रात्री पोटभर जेवला आणि नवी खोली शोधायला लागला.

तेव्हापासून 'लग्नातलं माप' हा त्या घराचा झेंडा झाला. कंबर बत्तीस. नवऱ्यानं ते ज्याला त्याला सांगितलं. इतकं, की पोस्टातले लोक त्याला बत्तीस म्हणूनच हाक मारायला लागले. नवीन शर्ट बेतायचा तर ती त्याच्यासमोर लग्नाच्या वर्षीच्या मापाचा तपकिरी कागद काढून कापडावर पसरायची आणि तो आत गेला, की रेषेच्या बाहेरून कात्री चालवायची. खरं माप दुपारी तो झोपलेला असताना दोरीनं घ्यायचं. वजनकाट्यावर नवरा कधी चढत नसे. जन्मभर लोकांची पार्सलं तोलल्यावर काट्यावरचा विश्वास उडतो, असं तो म्हणायचा. टक्कल पडलं, चष्मा लागला, निवृत्तीसुद्धा झाली. बत्तीस मात्र ढळलं नाही.

हे सगळं असंच निभावलं असतं. पण पन्नाशी उलटल्यावर तिला चित्रकला शिकायची हुक्की आली.

हुक्की तशी जुनीच होती. लहानपणी तिला माणसांची चित्रं काढायचा नाद होता. तिला वाढवलं ते शिंपीकाम करणाऱ्या मामानं. त्यानं तिच्या हातातली पेन्सिल काढून कात्री दिली आणि सांगितलं, हिनं काढ चित्रं, निदान अंगावर तरी घालता येतील. मामा गेला, लेक लग्न होऊन गेली आणि एके दिवशी वाचनालयाच्या दारावर पाटी दिसली: शनिवारी दुपारी चार वाजता, वरच्या मजल्यावर, मानवाकृती रेखाटन. तिनं त्या दिवसापासून शनिवारी आपलं शिवणाचं दुकान साडेतीनला बंद करायला सुरुवात केली.

शिकवायला एक मॅडम होत्या, वयानं तिच्या लेकीएवढ्या. त्या म्हणायच्या, धड पाहिलं की आपण घाबरतो. बरगड्या, बेंबी, घड्या, सगळं एकदम काढायला जातो. तसं करायचं नाही. छाती म्हणजे एक अंडं. कंबरेचं हाड म्हणजे एक खोकं. आणि दोघांच्या मधे एक अर्धं भरलेलं पोतं. अंडं आणि खोकं कडक, ती आपला आकार सोडत नाहीत. वाकतं, वळतं, सुरकुततं ते पोतं. एवढं जमलं की माणूस जमला.

सगळ्यांना जमलं, तिला जमेना. तीस वर्षं तिनं धडाचे तुकडेच पाहिले होते: पुढचा भाग, मागचा भाग, दोन खांदे. तिच्या कागदावर माणसाच्या जागी शर्टाचं बेतणं यायचं.

"काकू, माणूस गोल असतो," मॅडम म्हणायच्या.

"मला तो सपाटच दिसतो हो. शिवल्यावर गोल होतो."

वर्गात नऊ जण होते. त्यातल्या दोघांशी आपल्याला काम आहे. एक होते मोजणीवाले. त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली होती आणि आता ते चित्रही हद्द कायम केल्यासारखं काढत. दुसऱ्या होत्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांच्या शाळेच्या एकशेवीस पोरांचे गणवेश यंदा पहिल्यांदाच तिच्याकडे आले होते. मापं घेऊन झाली होती, सोमवारी कापडाला कात्री लागणार होती. तिच्या दुकानाला आजवर एवढं काम एकगठ्ठा कधी मिळालं नव्हतं.

समोर बसायला वाचनालयाचा म्हातारा पहारेकरी असायचा. जन्मभर बसायचीच नोकरी केल्यामुळे त्याच्याइतकं स्थिर कुणी बसत नसे. त्या शनिवारी मात्र त्याची पाठ धरली आणि तो आला नाही. मॅडम म्हणाल्या, मग आज कुणी बसायचं? सगळ्यांनी आपापल्या पेन्सिलींना टोक काढायला घेतलं. नेमका त्याच वेळी तिचा नवरा दारात उभा राहिला. ती चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला आला होता.

मॅडमनी त्याला विचारलं. विचारायचाच अवकाश होता.

"शर्ट काढावा लागेल का?" नवऱ्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वरचं बटण सोडलं.

ती घाईनं म्हणाली, की ह्यांना सर्दी आहे. नवऱ्यानं सर्दी नाही म्हणून सांगितलं. मग ती म्हणाली, की गॅसवर दूध आहे. नवरा म्हणाला, दूध मी उतरवून आलोय. शर्ट, बनियन काढून खुर्चीवर ठेवून तो स्टुलावर असा बसला, की जणू आतापर्यंतची सगळी माणसं चुकीची बसत होती. त्याची छाती पुढे होती, मान ताठ होती, आणि वर्गाला त्यानं माहिती दिली, की लग्नात होतं तेच माप आहे, छाती अडतीस, कंबर बत्तीस.

वर्ग कामाला लागला. ती चष्मा लावून कागदाकडेच बघत राहिली. वीस मिनिटांनी तिनं शेजारी डोकावून पाहिलं. मोठ्या बाईंच्या कागदावर अंडं लहान होतं, खोकं दिसत नव्हतं, कारण त्याच्यावर पोतं येऊन बसलं होतं. पलीकडच्या कागदावरही तेच. नऊ जणांपैकी आठ जणांनी, एकमेकांना न विचारता, पोत्याला कागदाचा मोठा वाटा दिला होता. तिच्या स्वतःच्या कागदावर पहिल्यांदाच एक अंडं नीट उतरलं होतं, खाली आटोपशीर खोकं, मधे एवढंसं पोतं. मॅडम तिच्या मागे येऊन थांबल्या.

"काकू, छान आलंय. पण हे समोरचे काका नाहीत."

ते तिलाही दिसत होतं. तो लग्नातला होता. तिनं वर न बघताच काढला होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण मोजणीवाल्यांना चित्र अंदाजानं काढणं पटत नसे. पेन्सिल हात लांब करून धरायची, डोक्याच्या दुप्पट छाती, अमुकपट पोट असा हिशोब लावायचा आणि पाया म्हणून एक तरी पक्कं माप घ्यायचं, ही त्यांची रीत. त्यांनी तिच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. ती टेप काढून ठेवायचं तिला कधी सुचतच नसे.

"वहिनी, फक्त पोटाचा घेर सांगा. बाकी सगळं मी त्यावरून काढतो."

"मोजायची गरज नाही," नवरा म्हणाला, "पण मोज."

ती उठली. टेप त्याच्या पोटाभोवती गुंडाळली. एकेचाळीस. दोरीनं झोपेत त्रेचाळीस भरायचं; बसल्यावर दोन इंच कुठे गेले कुणास ठाऊक, पण विचार करायला वेळ नव्हता. नवरा समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर बढतीच्या यादीत नाव वाचणाऱ्या माणसाचा आनंद होता.

"बत्तीस," ती म्हणाली. धंद्यातलं तिचं हे पहिलं खोटं माप.

मोजणीवाल्यांनी आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. मग त्यांनी जाहीर केलं, की पोट बत्तीस धरलं तर ह्या गृहस्थांचं डोकं सात इंच लांब निघतंय, आणि एवढं डोकं पाळण्यातल्या बाळाचं असतं. ते पट्टी घेऊन स्टुलाशी गेले आणि हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं मोजून आले. नऊ इंच.

"डोकं बरोबर आहे. पेन्सिलही बरोबर आहे," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे टेप खोटी."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. चाळीस वर्षं लोकांच्या जमीनमोजणीच्या साखळ्या खोट्या ठरवायची सवय, दुसरं काय. पण मोठ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"ह्याच टेपनं आमच्या मुलांची मापं घेतलीत ना?"

ती हो म्हणाली.

"मग सोमवारी कापू नका. मी आधी दुसरीकडे दाखवून घेते. राग मानू नका, एकशेवीस पोरं आहेत."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काय, हे तिला आज कळलं. टेप खरी म्हणावी तर नवऱ्याचं बत्तीस गेलं, तेही नऊ लोकांसमोर, उघड्या अंगावर. टेप खोटी म्हणावी तर दुकान गेलं. ज्या शिंपिणीची टेप खोटी, तिच्याकडे उद्या उशीचा अभ्राही कुणी टाकणार नाही. गळ्यातली टेप तिनं दोन्ही हातांनी धरली. मग तिनं ठरवलं. काय ठरवलं ते तिलाही नक्की माहीत नव्हतं, पण तोंड उघडलं.

"टेप बरोबर आहे," नवरा म्हणाला. "मी पोट आत घेतलं होतं."

आणि त्यानं ते सोडलं.

मागे कुणाची तरी पेन्सिल घरंगळली. पोत्याची गाठ सोडल्यावर धान्य जसं बेतानं आपापल्या जागी येऊन बसतं, तसं ते आलं.

"आता मोज," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, खिडकीवर पुढच्या माणसाला बोलवावं तसा.

तिनं मोजलं. आणि मोठ्यानं सांगितलं. "त्रेचाळीस."

मोजणीवाल्यांनी पुन्हा हिशोब केला. डोकं नऊ इंचांचं निघालं आणि ते खूश झाले. अकरा इंच आत कसं जातं, असं त्यांनी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, की सवयीचा भाग आहे. मोठ्या बाईंनी सोमवारी कापायला हरकत नाही म्हणून सांगितलं, वर आपल्या यजमानांचा एक कोट सैल करून द्यायचाय असंही हळूच म्हणाल्या. मॅडमना तर धडाच मिळाला. बघा, त्या म्हणाल्या, पोतं बदललं. अंडं आणि खोकं मघाशी होती तिथंच आहेत. ते ऐकून तिनं कोरा कागद घेतला, वर पाहिलं आणि काढायला लागली. ह्या वेळी माणूस गोल आला.

दोघं घरी निघाले. ऊन उतरलं होतं. दुकानांच्या फळ्यांवर पाणी शिंपडलेलं होतं. तिचा ऊर भरून आला होता. म्हणजे ह्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि आज माझ्या टेपसाठी ह्यांनी आपलं बत्तीस चारचौघांत सोडून दिलं. पुढच्या वळणावर तिला राहवेना.

"तुम्हाला कधी कळलं हो?"

"काय?"

"मी शर्ट सैल करते ते."

नवरा थांबला. रस्त्याच्या मधोमध थांबला. एक सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला.

"कुठला शर्ट?"

आपण काय करून बसलो ते तिच्या लक्षात आलं, पण उसवलेला धागा एकदा ओढला की ओढावाच लागतो. तिनं सगळं सांगितलं. पलंगाची कड, दुपारची झोप, दोरी, रेषेबाहेरची कात्री. बावीस वेळा, सांगताना तिनं बोटंही मोजली.

"म्हणजे मी पोट आत घेतलं नसतं तरी शर्ट बसला असता?"

"आरामात."

"सव्वीस वर्षं मी तुझ्यासमोर दम धरून वावरतोय," तो म्हणाला. "पोस्टात पाचची घंटा झाली की धरायचा, तो तू झोपेपर्यंत. मापं घेणारी बायको, म्हटलं हिच्या नजरेतून अर्धा इंच सुटायचा नाही."

"नव्हताच सुटलेला."

"आणि मघाशी टेपवर बत्तीस आलं, तेव्हा मला वाटलं, चला, जमलं."

"एकेचाळीस होतं."

तो चालायला लागला. ती मागोमाग. थोडं पुढं गेल्यावर तो मोकळ्या मनानं म्हणाला, की आता सांगायचंच म्हटलं तर बत्तीस लग्नातही नव्हतं. लग्नाच्या आदल्या वर्षी मामाच्या दुकानात ती टेप घेऊन पहिल्यांदा पुढे आली, तेव्हाच त्यानं पोट आत घेतलं होतं. खरं होतं चौतीस.

आता ती थांबली. मामाच्या दुकानातला तो शर्ट तिनं बेतलेला पहिलाच पुरुषी शर्ट होता. तो पोटावर तटतटला होता. मामानं गिऱ्हाइकांसमोर तिला बोल लावले होते, महिनाभर रद्दी कागदांवर कापायला बसवलं होतं आणि आपला हात पहिल्याच कापडावर चुकला, ही बोच तिनं एकतीस वर्षं कुणाला न सांगता बाळगली होती.

"म्हणजे माझा पहिला शर्ट बरोबर होता."

"शर्ट बरोबरच होता," नवरा म्हणाला. "आत माणूस खोटा होता." मग जरा हिशोब करून त्याचा चेहरा उजळला. "बघ ना, म्हणजे वाढलं ते अकरा नाही. नऊच."

तिनं त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. छाती पुढे, मान ताठ, पोट आत. अजूनही.

"श्वास सोडा आता," ती म्हणाली. "माप घेऊन झालंय."