खुनी कोण ते भावनाला सांगू नका

थ्रिलर लिहिणं अजिबात अवघड नाही! हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण आमच्या ऑनलाइन क्लासच्या सरांनी बजावलंय की पहिल्याच वाक्यात वाचकाची गचांडी धरायची. धरली. आता पुढचं ऐका.

हा क्लास मी लावला तो बायकोमुळे. टीव्हीवरच्या कुठल्याही मालिकेतला खुनी भावनाला पहिल्या जाहिरातीच्या आत ओळखता येतो. भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणते, "तो चष्मेवाला काका." आणि आपण आठवडाभर जीव मुठीत धरून बसावं तर शेवटी निघतो तो चष्मेवाला काकाच! लग्न झाल्यापासून मी एकही खून सुखानं बघितलेला नाही. शेवटी एक दिवस मी जाहीर केलं, "मीच थ्रिलर लिहितो. धडाधड खपणारी. आणि त्यातला खुनी तुला शेवटच्या पानापर्यंत ओळखता आला नाही तर?"

"तर मी तुम्हाला लेखक म्हणेन," ती म्हणाली आणि मेथीची काडी माझ्या अंगावर भिरकावली.

बस! लाखो वाचक गेले उडत, मला ही एक वाचक हरवायची होती.

क्लासचे नियम तीन. मेलेला माणूस पहिल्या पानावर हवा. तो ओळखीच्या माणसावर बेतावा, म्हणजे मरण खरं वाटतं. आणि खुनी असा हवा की त्याच्यावर वाचकाचा संशयच जाऊ नये.

ओळखीच्या माणसासाठी मला शोधाशोध करावी लागली नाही. मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या वस्तू खोक्यात भरायच्या, पट्टी मारायची, गाडीत चढवायच्या. तिथले आमचे मॅनेजर प्रितेश सर. "मनोज, जरा बघून घे" एवढं बोलून हा माणूस आपलं सगळं काम माझ्या टेबलावर सरकवतो आणि मी रजेचा विषय काढला की फोन कानाला लावतो. फोन बंद पडलेला असला तरी लावतो. मी त्यांना पहिल्याच पानावर मारलं, खोक्यात भरलं, वर 'काच आहे, सांभाळून' असा स्टिकर लावला आणि नागपूरच्या गाडीत चढवलं. लिहिताना इतकी मजा आली की चहा गार झाला.

खुनी मात्र सापडेना. वॉचमन करून बघितला, ड्रायव्हर करून बघितला, सरांची बायको करून बघितली. दर वेळी मनातल्या मनात भावनाला भाजी निवडायला बसवायचो आणि ती मान वर न करता बरोबर नाव सांगायची. मग एका सकाळी दाढी करताना आरशात बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. खुनी मीच! म्हणजे जो गोष्ट सांगतोय तोच! जो बिचारा पानोपानी खुन्याला शोधत धावतोय, ज्याच्यावर जीव टाकून वाचक मागे मागे चाललाय, तोच! अर्धी दाढी तशीच ठेवून मी बाहेर पळालो.

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. भावनाला सांगायचा प्रश्नच नव्हता, आणि ती टेलरकडे निघालीच होती. राहिले यहयाभाई. नारपोलीत आमच्या खोलीच्या अगदी समोर त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना आहे. लहानपणापासून उर्दू जासूसी मासिकं वाचून हा माणूस मुरलेला, त्यामुळे लिहिलेलं प्रत्येक प्रकरण मी त्यांना वाचून दाखवायचो, आणि तेही कारखान्यातच. कारण गुपित बोलायला लूमच्या खटखटाटाइतकी सुरक्षित जागा भिवंडीत दुसरी नाही. सगळे लूम चालू असताना माणसानं कानाला तोंड लावून बोंब मारली तरच दुसऱ्याला ऐकू येतं. तिसऱ्याला नाही. माझी गोष्ट चोरायची तर चोराला माझ्या मांडीवर येऊन बसावं लागलं असतं.

"यहयाभाई, खुनी सापडला," मी त्यांच्या कानात ओरडलो.

"कौन?"

"ओळखा बघू."

"वॉचमन?"

"नाही."

"फिर बीवी. बीवीच असणार. मी तुला पहिलेच बोललो होतो."

मी छाती भरून श्वास घेतला.

"प्रितेश सरांचा खून दुसरं कुणी नाही, मीच करतो! जेवणाच्या सुट्टीत उडवतो, खोक्यात भरतो, पट्टी मारतो, नागपूरच्या गाडीत चढवतो आणि..."

आणि लाईट गेली.

एका झटक्यात सगळे लूम थांबले. पण माझा आवाज काही लाईटवर चालत नाही. तो तसाच पुढे गेला.

"...आणि कुणाच्या बापाला कळत नाही!"

लाईट गेल्यावर नारपोलीत जी शांतता पसरते ती तुम्ही ऐकली नसेल. कोपऱ्यातल्या नळाचा थेंबसुद्धा ऐकू येतो. त्या शांततेत माझं वाक्य गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आलं. दिवसभर लूमवर ओरडून बोलायची सवय असलेल्या माणसांना आधीचं अर्धंही थोडंफार ऐकू आलं होतं, हे मला नंतर कळलं. कापडाचे तागे लादलेली हातगाडी जागच्या जागी थांबली होती. चहावाला किटली तिरकी धरून उभा होता आणि चहा कप सोडून जमिनीवर चालला होता. आणि कारखान्याच्या दारात, वज्रेश्वरीच्या बसमधून उतरून थेट आलेल्या, हातात वालाच्या शेंगांची पिशवी धरलेल्या माझ्या सासूबाई. आक्का.

"आक्का, भावना कुठंय?" मला पहिलं तेच सुचलं.

"घराला कुलूप हाय," आक्का माझ्याकडे टक लावून म्हणाल्या. "टेलरकडं गेली, म्हनं शेजारीन."

माझा जीव भांड्यात पडला. तिला कळलं नाही म्हणजे सगळं शाबूत होतं. मग मी गल्लीत उभा राहून समजावून सांगायला लागलो. "मंडळी, गैरसमज नको. ही एक..."

आणि लाईट आली. लूम पुन्हा सुरू झाले. मी पुढे सगळं साध्या आवाजात सविस्तर सांगितलं, क्लास, थ्रिलर, तिन्ही नियम. लोकांनी गंभीर चेहऱ्यानं माना डोलावल्या. यहयाभाई हसत हसत तुटलेला धागा जोडायला आत गेले आणि मी निर्धास्त होऊन उरलेली दाढी करायला घरी गेलो. खून सगळ्यांना ऐकू आला आणि खुलासा एकालाही नाही, हे मला तेव्हा कसं कळणार?

संध्याकाळी भावना सुरी शोधत होती. सुरी आक्कांनी तांदळाच्या डब्यात लपवली होती. भावना आत गेल्यावर आक्का हळूच माझ्याजवळ आल्या.

"जावयबापू, तो साहेब तुमाला लय तरास देतो काय?"

"तो आहे तोपर्यंत मला रजा मिळायची नाही, आक्का," मी आपलं मन मोकळं केलं.

"पन येवढ्यासाठी?"

"आता ठरलं ते ठरलं. उद्या शेवटचा हात फिरवला की काम संपलं."

आक्का त्या रात्री जेवल्या नाहीत. प्रवासानं दमल्या असतील, असं मला वाटलं.

सकाळी चहावाला माझ्या कानाशी लागला. "मनोजभाऊ, नागपूरच्या गाडीला चेकिंग जास्त असतं. सुरतची बघा. मी काय ऐकलं नाय हां." मला भरून आलं. चहावाल्यालासुद्धा गोष्ट आवडली होती! सूचना चांगली होती, मी ती घेतलीही.

गोदामात तर कमालच झाली. प्रितेश सर मला बघून उभे राहिले आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस ना मनोज. आणि तुझी ती रजा, मंजूर. आजपासूनच जा."

"आज कशी जाऊ सर? आज तर माझं खरं काम आहे."

सरांनी घाम पुसला. लेखक झाल्यावर चेहऱ्यावर एक तेज येतं असं क्लासमध्ये सांगितलं होतं, ते सरांना दिसलं असणार. इतक्या मोठ्या मनाच्या माणसाला आपण पहिल्याच पानावर मारलं, याचं मला वाईट वाटलं. निदान मरणारा कसा मरतो हे त्यानं आधी ऐकावं, म्हणून मी म्हणालो, "सर, जेवणाच्या सुट्टीत मागच्या गाळ्यात या. एकटेच या. तुमच्यासाठी खास गोष्ट ठेवलीय." माझ्या हातात तेव्हा पट्टी कापायचा कटर होता. तो दिवसभर असतोच.

जेवणाच्या सुट्टीत मी पानं घेऊन मागच्या गाळ्यात गेलो. सर नव्हते. मग वरून आवाज आला. वर बघतो तर सर रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यावर, मिक्सरच्या खोक्यांमध्ये अंग चोरून बसलेले. फोर्कलिफ्टवाल्याकडून त्यांनी स्वतःला चढवून घेतलं होतं.

"मनोज, आधी तो कटर खाली ठेव."

"सर, खाली या. पडाल."

"पडेन, पण खोक्यात जाणार नाही."

"कसल्या खोक्यात?"

"नागपूरच्या! तुझ्या सासूबाईंनी सकाळीच येऊन सगळं सांगितलंय."

मी वळून बघितलं. गाळ्याच्या दाराशी आक्का उभ्या होत्या. सकाळपासून त्या गेटवरच्या वॉचमनच्या खोलीत बसून होत्या, माझ्यावर नजर ठेवायला.

"मीच सांगतला," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापला. "रागवा नको, जावयबापू. तुमी तुरुंगात गेलाव तं माझ्या पोरीनं कोनाच्या तोंडाकडं बघायचा? साहेब जगला तरच तुमी वाचाल ना."

 मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. या बाईनं मला खुनी समजूनही सोडलं नव्हतं.

आता एकच उपाय होता. कटर लांब फेकला, एका पालथ्या क्रेटवर बसलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो. पहिलं पान संपेपर्यंत वरून नुसता श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या पानावर आवाज आला.

"पोट सुटलेलं? माझं पोट सुटलंय?"

"कादंबरीत, सर."

"हं. पुढे वाच."

पॅकिंगच्या बायका डबे घेऊन भोवती बसल्या. हमाल आले. बाहेर गाड्या हॉर्न मारत होत्या आणि सर वरून म्हणत होते, "थांबू देत त्यांना!" आक्कांनी पदर तोंडाला लावला होता. वाचता वाचता शेवट आला. मी तो वाचला आणि गोदामात लाईट गेल्यासारखी शांतता झाली.

"म्हंजे ह्यो समदा खोटा हाय?" आक्कांनी विचारलं.

"अगदी खोटं, आक्का."

"मंग मना पयले जेवाया द्या," त्या म्हणाल्या आणि तिथंच बसकण मारली.

सर खाली उतरले. त्यांनी मला माफ केलं, पण दोन अटींवर. पोट कमी करायचं आणि पहिल्या पानावर मारायचं नाही. "निदान मध्यंतरापर्यंत जगू दे," ते म्हणाले. मी रजेचं विचारलं तर त्यांनी फोन कानाला लावला.

घरी येताना मात्र मी पार खचलो. शेवट गोदामाला माहीत, शेवट गल्लीला माहीत! असली थ्रिलर घेणार कोण?

"एकीला माहीत नाय ना?" यहयाभाई माझ्या कानात ओरडले. "बस, तिच्यासाठी संभाळ." आणि ते स्वतः दारोदार गेले. "भावनाभाभीला खुनी कोण ते कोणी बोलायचं नाय." चहावाल्यानं तर गळ्याची शपथ घेतली. पुस्तक छापून आलं आणि चक्क खपलं! प्रत्येकानं घेतलं. वाचायला नव्हे, आपण कुठल्या पानावर आहोत ते शोधायला. प्रितेश सरांनी सासुरवाडीलाही धाडलं. 'कुणाच्या बापाला कळत नाही' हे वाक्य मात्र मी छापण्याआधी काढून टाकलं. आक्का म्हणाल्या, ते वाक्य अपशकुनी हाय.

शुक्रवारी लूमना सुट्टी असते. त्या शांत दुपारी भावना दारात पुस्तक घेऊन बसली. गल्ली श्वास रोखून उभी. पान उलटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. यहयाभाई खोटंखोटं मशीन पुसत होते, चहावाला रिकामे कप विसळत होता. शेवटचं पान आलं. भावनानं ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! हा खुनी? मला नाही कळलं हो."

गल्लीत टाळ्या पडल्या! यहयाभाईंनी मला मिठी मारली. आक्का तर रडायलाच लागल्या. आणि भावना सगळ्यांदेखत म्हणाली, "काय लेखक, चहा घेणार ना?" जन्माचं सार्थक झालं की हो!

चहा पिताना ती माझ्याजवळ बसली. आक्कांनी आणलेल्या वालाच्या शेंगा सोलत होती.

"पुस्तक छान झालंय," ती म्हणाली. "फक्त ते 'कुणाच्या बापाला कळत नाही' का काढलंत? काय घुमलं होतं."

मी कप खाली ठेवला. "तू तर टेलरकडे होतीस."

"टेलरचं दुकान बंद होतं. गच्चीवर पापड उचलत होते." मान वर न करता तिनं एक शेंग मोडली. "तसा मला अंदाज होताच. तुम्ही आरशात स्वतःकडे बघून अर्धी दाढी ठेवून पळालात तेव्हाच."

 चहा संपवला. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. नारपोलीत कधी आलात तर हे गल्लीत कुणाला सांगू नका. बिचाऱ्यांनी गुपित फार जपलंय.