खात्रीचा चहा

हैबतराव धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि कंपनीचा आरोग्य विमा गेला. नव्या विम्यासाठी त्यांनी एजंटाला घरी बोलावलं. त्याने वय विचारलं, हप्ता सांगितला आणि प्यायला पाणी मागितलं. खरी पाण्याची गरज हैबतरावांना होती.

"येवढ्यात म्हैस येईल माझ्या दारात," ते म्हणाले. "आजारी नाय पडलो तरी दूध तरी देईल."

मग त्यांनी स्वतःच तोड काढली. गावात बायकांची भांड्यांची भिशी चालतेच, मग आजारपणाची का नको? दर महिन्याला सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे आणि आजारी पडेल त्याने उचलायचे. कल्पना लाख मोलाची होती. पण हैबतरावांची सगळी नोकरी कंपनीच्या गेटवर कामगारांचे डबे तपासण्यात गेलेली. माणसावर विश्वास ठेवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

"लोक पैशासाठी खोटं खोटं आजारी पडतील," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. "म्हणून प्रत्येक सभासदानं घरी येऊन पेशंट डोळ्यांनी बघायचा. एक जरी नाय बोलला, तर पैसे नाय!"

सभासद कमी पडत होते म्हणून त्यांनी बायकोचंही नाव घातलं. "तुला काय धाड भरलीय," ते गिरजाबाईंना म्हणाले, "पण आकडा तरी भरेल."

या नियमात पहिले सापडले ते स्वतः हैबतराव. पोटात असा मुतखडा सापडला की रोह्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं. आता भिशी मंजूर व्हायला हवी होती.

सभासद बघायला येऊ लागले. बहुतेक सगळे धाटावला शिफ्टमध्ये. त्यामुळे रात्रपाळीवाले सकाळी, दुसऱ्या पाळीवाले दुपारी आणि पहिल्या पाळीवाले संध्याकाळी, अशी दिवसभर रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवायची पद्धत कोकणात नाही. गिरजाबाईंचा गॅस काही विझेना.

खडा मात्र हैबतरावांसारखाच हट्टी होता. माणसं बसली की दुखणं गप्प, आणि माणसं फाटकाबाहेर पडली की हैबतराव अंथरुणात वेटोळे. शेवटी त्यांनी पाहुण्यांसाठी वेगळं कण्हायला सुरुवात केली. ते मात्र सभासदांपैकी पुंडलिकने अचूक पकडलं.

पुंडलिकच्या डब्यात पूर्वी एकदा हैबतरावांना गेटवर कंपनीचे नटबोल्ट सापडले होते. पुंडलिक ते विसरला नव्हता.

"दादा, काल तुमचा हात उजव्या कुशीवर होता. आज डाव्या?"

"खडा फिरतो रे!"

"असंल. पण मला खात्री वाटत नाय. उद्या परत येतो." आणि आत वळून, "वैनी, चहा फक्कड झालाय हां. अर्धा कप अजून हाय काय?"

बाकी सगळे हो म्हणाले. पुंडलिक रोज यायचा, दीड कप चहा प्यायचा आणि खात्री न पटवून घेता जायचा. इतरांनी घरोघरचा कुळथाचा काढा आणून ओतला, आणि एका सकाळी खडा आपोआप पडून गेला.

"बघा," पुंडलिक म्हणाला, "मी बोल्लो नव्हतो, खडाबिडा काय नाय?"

हैबतराव बरे झाले. पण असा अपमान त्यांचा उभ्या जन्मात झाला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी चहाचं पातेलं उचलायला वाकलेल्या गिरजाबाई सरळ होईनात. कमरेची नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब दाखल करा.

"कवापासून दुखतंय गो?"

"तुमचा खडा दुखाया लागला तवापासून."

"मग बोललीस का नाय?"

"तुमचं कण्हणं थांबलं कवा, मी बोलायला?"

 हैबतरावांनी सगळ्या सभासदांना तातडीने बोलावलं. ओटी माणसांनी भरली आणि पुंडलिक सगळ्यांत पुढे बसला. गिरजाबाई मात्र पडल्या पडल्या, "बसा भावोजी, पोरं बरी हायत ना?" असं हसून विचारत होत्या. हैबतराव घामाघूम झाले. या बाईला आजारी पडताच येत नव्हतं.

"जरा कण्ह गो," ते कानाशी कुजबुजले.

"माणसं ताटकळलीत," त्या म्हणाल्या. "आधी चहा ठेवा."

हैबतराव स्वयंपाकघरात गेले. साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. गेटवर डबे तपासणाऱ्या माणसाने घरातला एकही डबा कधी उघडलेला नव्हता. बऱ्याच आदळआपटीनंतर त्यांनी कप बाहेर आणले.

पुंडलिकने एक घोट घेतला. घोट तोंडातच राहिला. त्याने कपाकडे पाहिलं, मग गिरजाबाईंकडे.

"दादा, हा चहा तुम्ही केलाव?"

"व्हय."

पुंडलिकने घोट कसाबसा गिळला आणि हात वर केला. "वैनी खरंच आजारी हाय. माझी खात्री पटली. मंजूर!"

भराभर सगळे हात वर झाले. तेवढ्यात पुंडलिक म्हणाला, "एक सभासद ऱ्हायलाय अजून."

"कोण?"

"तुम्ही. तुमचाच नियम हाय दादा. नीट बघा आणि सांगा."

हैबतरावांनी आपल्या कपातला घोट घेतला. मग अंथरुणावरच्या गिरजाबाईंकडे कितीतरी वेळ पाहिलं आणि सगळ्यांत शेवटी, हळूच, हात वर केला.