प्रॉम्प्टरची नोंद

संगीत नाटकाचा कोश छापून आला, तेव्हा प्रॉम्प्टरने आधी तो वजनकाट्यावर ठेवून पाहिला. दोन किलो भरला. तीस वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या या माणसाने तालमीपासून पडद्याच्या दोरीपर्यंत नऊशे नोंदी एकहाती लिहिल्या होत्या. 'वन्समोर'च्या नोंदीवर त्याचा विशेष जीव होता: 'हा मान फक्त गाण्याचा. गद्याला तो मिळत नाही.'

"तीस वर्षं कुणाला दिसला नाहीत. आज तरी स्टेजवर खुर्चीत नीट बसा," असं बायकोने निघताना बजावलं होतं.

प्रकाशनाला कंपनीचे जुने गायक नट, बुवा, यांना बोलावलं होतं. बुवांचा गळा अजून खणखणीत, पण पाठांतराच्या नावाने पहिल्यापासून बोंब. विंगेतून येईल ते बोलून मोकळं व्हायचं, ही त्यांची जन्माची सवय. एका प्रयोगात प्रॉम्प्टर शिंकला, तर बुवांनीही राजाच्या रुबाबात शिंकून घेतलं होतं.

माइकसमोर येऊन बुवांनी जाहीर केलं, की पहिली नोंद वाचायची ती प्रॉम्प्टरचीच. त्यांनी 'प' उघडला आणि तेव्हा कुठे प्रॉम्प्टरच्या लक्षात आलं. पेटीवाल्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे कोशात होते, तो स्वतः तेवढा राहिला होता. पहिल्या रांगेत बायको चष्मा पुसून तयार बसली होती.

बुवांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग सवयीने त्यांनी मान विंगेकडे वळवली. प्रॉम्प्टरही सवयीनेच खुर्ची सोडून विंगेत गेला आणि कुजबुजला, "नोंदच नाहीये, बुवा."

"नोंदच नाहीये!" बुवा गरजले.

"राहून गेली. विसरलो मी."

"राहून गेली! विसरलो मी!" बुवांचा आवाज कातर झाला.

"आता घरी काय तोंड दाखवू?"

"आता घरी," बुवांनी छातीवर हात ठेवला, "काय तोंड दाखवू?"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मभर न दिसलेल्या माणसाने स्वतःची नोंद मुद्दामच गाळली आहे आणि त्याला विसरल्याबद्दल बुवा सगळ्यांच्या वतीने माफी मागताहेत, असं ज्याने त्याने समजून घेतलं. प्रकाशकाने डोळे टिपले. फक्त बायको रिकाम्या खुर्चीकडे आणि विंगेकडे आळीपाळीने बघत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!" बघता बघता सगळं सभागृह तेच म्हणू लागलं.

बुवांनी हसून हात जोडले. दोन पावलं विंगेकडे सरकले आणि हसू तसंच ठेवून हळूच म्हणाले, "काय म्हणालो रे मी?"