दोन्ही अंगाला माया

दस्तगीरमास्तर कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतात, कान लावतात आणि मगच "बरं हाय न्हवं?" असं विचारतात. हे घरातल्या माणसांना विचारलेलं असतं की भिंतीला, ते मला इतकी वर्षं शेजारी राहूनही कळलेलं नाही. मागे गल्लीतल्या एका साखरपुड्यात पाहुणे चहा घेत असताना मास्तरांनी हॉलची भिंत वाजवून बघितली आणि भरल्या सभेत सांगून टाकलं, "अस्तर सुटलंय." नवरीची आई घाबरून नवरीच्या घागऱ्याकडे बघायला लागली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतली मी. बालवाडीत नोकरी झाली, त्यामुळे लहानथोर सगळी गल्ली मला बाई म्हणते, मास्तरसुद्धा. मास्तर टेलर. हयात शर्ट-पँट शिवण्यात गेली. आता लोक तयार कपडे घेतात, त्यामुळे त्यांची रिकामी बोटं गेल्या उन्हाळ्यात घरातल्या भिंतींकडे वळली. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, तेव्हा या विद्येचा श्रीगणेशा मी पलीकडून ऐकलेला आहे.

त्यांच्या आतल्या खोलीला भेगा होत्या. गवंड्याला बोलवा म्हटलं, तर त्यांनी गवंडी घाईघाईने टाके घालतो असं कारण दिलं आणि स्वतःच पुट्टीची पिशवी घेऊन आले. कोरड्या भिंतीवर एका दमात जाड थर चढवला, लवकर वाळावा म्हणून पंखा लावला आणि जेवून झोपले. उठून बघतात तर सगळा थर वाळत घातलेल्या पापडासारखा कडेने उचकटलेला, मध्ये भेगांचं जाळं. आधीच्या भेगा बऱ्या होत्या, असं मी म्हणाले आणि पोट धरून हसले.

मास्तर रागावले नाहीत. स्टूल घेऊन भिंतीसमोर बसले, पुष्कळ वेळ बसले, आणि मग मला बोलावून म्हणाले, "बाई, कापड आधी भिजवलंच न्हाय की मी. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात आटणारच."

तिथून सगळी शिवणकला भिंतीवर आली. आधी भिंतीला पाणी मारायचं, म्हणजे ती पुट्टीतलं पाणी ओढून घेत नाही. थर द्यायचा तो पातळ, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पंखा बंद, खिडक्या बंद. बाळंतिणीला जपावं तसं त्यांनी भिंतीला वाऱ्यापासून जपलं, आणि ऐन मे महिन्यात स्वतः घामाघूम होऊन बाहेर पायरीवर बसले.

भेगेचं तर शास्त्रच. वरून लिंपणं त्यांना मंजूर नाही. भेग आधी उसवायची, म्हणजे सुरीने थोडी रुंद करायची, ब्रशने आतली भुकटी काढायची, ओली करून भरायची. मग वर मलमलीची पट्टी बसवायची आणि तिच्यावर पातळ पुट्टी. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. मास्तर पट्टी कापताना तेच म्हणायचे, "दोन्ही अंगाला माया सोडायची बाई, मग कितीबी ताण येऊ दे, उसवत न्हाय."

एकदा मी जोतिबाहून आले आणि प्रसाद द्यायला गेले. खोबरं त्यांनी डोक्याला लावून घेतलं, पण गुलालाचे हात भिंतीपासून लांब ठेवायला सांगितले. मी फणकारून परत आले. म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहाचा कप हातात फिरवत. त्यांची एकुलती लेक शमा, दिलेली गडहिंग्लजला. पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायचं. पण शमाची आई, आमची रजियाभाभी, लेकीच्या लग्नानंतर लगेचच गेली. सासूने निरोप धाडला होता की खोलीच्या भिंतींना भेगा, वरून भुकटी पडते, त्यात घरात बाई नाही. पोरीला कुणाच्या भरवशावर पाठवू?

"दोन अडचणी सांगितल्या," मास्तर म्हणाले. "त्यातली एक माझ्या हातातली हाय."

मला गलबलून आलं. तो पंखा, तो पापड, माझं ते हसणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

पावसाळा सरता सरता सासूबाई खोली बघायला एसटीने आल्या. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी चहा घेऊन गेले, खरं म्हणजे बघायलाच गेले. सासूबाईंनी भिंतीवरून तळहात फिरवला, कोपरे बघितले आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. अगदी मास्तरांसारखं. भिंत भरीव वाजली.

भिंत झकास झाली, हे त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केलं. पण भिंत काही बाळाला तेल लावणार नाही, पोरीला शेक देणार नाही. घरात बाई नाही ती नाहीच.

गल्लीतल्या एकूण एक भिंतीवर मत देणारे मास्तर खाली फरशीकडे बघत राहिले.

"हाय की," मी म्हणाले. "ही काय बाई. सगळी गल्ली मला बाईच म्हणती. मधी एक भिंत हाय, मास्तरांनी टकटक केलं की मी आलेच."

सासूबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. बाळाला न्हाऊ घालता येतं का, डिंकाचे लाडू वळता येतात का, रात्री जाग येते का, अशी माझी परीक्षा घेतली. मग त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला आणि शमाला कधी आणून सोडायचं, त्याचं बोलणं काढलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर मास्तर परत मलमल कापत बसलेले. आता कुठे भेग पडली, म्हणून मी धसकलेच. "भिंतीची न्हवं बाई," ते म्हणाले, "झबली हाईत."

मी एक झबलं उचलून उलटं केलं. आतल्या अंगाला इतकं जादा कापड ठेवलेलं की त्यात दुसरं झबलं झालं असतं. एवढ्याशा जिवाला एवढी माया कशाला सोडलीत, मी विचारलं.

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो एकदा चुकला, परत ओवला.

"आवळाय लागलं की उसवून मोठं करून घ्यायला लागंल," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी तरी यील न्हवं परत इकडं?"