मी मावलो नाही

पावरा सर मला पहिल्यांदा दिसले ते जमिनीवर आडवे पडलेले. शहाद्याच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात पहिल्या वर्षाच्या स्टुडिओत मी शिरलो, तर दारापाशीच एक लांबलचक माणूस चपला उशाला घेऊन छताकडे बघत होता. मला वाटलं, भोवळ आली. पाणी आणायला वळलो तसा खालून आवाज आला, "थांब. आडवा हो, आणि सांग या खोलीत काय चुकलंय."

मी आडवा झालो. पंखा नेमका ट्यूबलाइटच्या खाली बसवला होता. पाती उजेड कापत होती, सगळं छत फडफडत होतं.

"उभ्यानं दिसलं असतं?" सर म्हणाले. "उभा माणूस पाहुणा असतो. आडवा झाला की इमारत खरं बोलते."

आमचे हे सर सगळीकडे आडवे व्हायचे. दवाखान्याच्या व्हरांड्यात, कचेरीच्या ओट्यावर. एकदा आम्हाला बँकेचा दर्शनी भाग दाखवायला नेलं आणि पायरीवरच पसरले. वॉचमन काकुळतीला आला. "ओ सर, आठे नका ना झोपू. साहेब मन्हावर ओरडस."

"झोपत नाही," सर म्हणाले. "तपासतोय."

पहिल्या प्रोजेक्टला आम्ही पुठ्ठ्याचा एकेक निवारा केला होता. सर प्रत्येकात शिरून झोपले. माझ्या निवाऱ्यातून त्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले. आतून निकाल आला, "मी मावलो नाही."

"सर, तुम्ही उंचच जास्त आहात."

"मग पाय कापू?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र राग आला, कारण माझ्या निवाऱ्याला खिडकी फार सुंदर होती. खिडकी सुंदर आणि माणूस बाहेर, अशा इमारतींनी देश भरलाय हे तेव्हा मला कळत नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर दुसरा प्रोजेक्ट आला. एसटी स्टँडसाठी सगळ्या वर्गानं मिळून पूर्ण मापाचा एक लाकडी बाक करायचा. लाकूड देणार अण्णा, म्हणजे गावातले माजी नगरसेवक. तयार झाला की तो बाक त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ स्टँडवर बसणार. अट एकच. मधे दांडे हवेत, कोणाला आडवं होता येता कामा नये.

अण्णा स्वतः समजावून सांगायला आले. "बसाले बाक दी ऱ्हायनू मी, झोपाले नही. स्टँडनी धर्मशाळा करी टाकी लोकेस्नी."

कोणते लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सातपुड्यातून उतरलेली माणसं दुपारच्या गाडीनं शहाद्याला येतात. मुकादमाचा ट्रक पहाटे लागतो. मधली रात्र ती स्टँडवर काढतात, आणि पहाटे गुजरातेत किंवा कारखान्यावर ऊस तोडायला जातात. ज्या उसाच्या साखरेचा चहा अण्णा आमच्या स्टुडिओत बसून पीत होते, तो ऊस. माणसाला बसायला जागा द्यायची आणि त्याची झोप काढून घ्यायची, वर त्यावर वडिलांचं नाव कोरायचं. याला आमच्याकडे दान म्हणतात.

पावरा सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला की ते उभे राहायचे, एरवी नाही.

"मी हा प्रोजेक्ट देणार नाही."

प्राचार्यांनी त्यांना बाजूला घेतलं, पण बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "सर, हे शिक्षणच आहे. क्लायंट सांगेल ते करायला शिकू द्या मुलांना."

"आणि नाही म्हणायला कोणत्या सेमिस्टरला शिकवायचं?"

प्राचार्यांकडे उत्तर होतं. बाक झाला नाही तर अख्खा वर्ग नापास. सरांनी एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं. मग पुन्हा जमिनीवर आडवे झाले आणि छताला म्हणाले, "करा."

आम्ही केला. दातओठ खाऊन केला. प्रत्येक दांडा कमानीसारखा, त्याचे दोन्ही पाय बैठकीतल्या खाचांतून खाली उतरवले आणि खालून लाकडी पाचरी मारल्या. तपासायच्या दिवशी सरांनी त्या बाकावर झोपायचा प्रयत्न केला. आधी डोकं दांड्याखालून घातलं, मग एक खांदा, आणि तिथेच अडकले. पाय हवेत. आम्ही हसू दाबत ओढायला गेलो तर दांडा उपसून त्यांच्या हातात आला. आमची पाचर सैल होती.

सरांनी तो दांडा छातीवर आडवा ठेवला. मग दुसराही उपसला आणि पाय लांब केले.

"मी मावलो," ते म्हणाले. त्या वर्षात पहिल्यांदाच. "सांधा सैल आहे, त्याचे गुण कापतोय. पण गोंद लावायचा नाही. कोणी लावला तर नापास करीन."

अण्णा आले त्या दिवशी पाचरी सरांनी स्वतः ठोकल्या. अण्णांनी दांडे गदागदा हलवून पाहिले आणि खूश झाले. आमचा बाक स्टँडवर गेला.

पुढे एका दुपारी मी गाडीची वाट बघत स्टँडवर होतो. आमच्या बाकावर एक बाई झोपली होती. उशाला बोचकं, त्याला कोयता बांधलेला. दांडे भिंतीला टेकवून ठेवलेले. आणि बाकाच्या टोकाला पावरा सर बसले होते. ताठ, पाचरी मुठीत धरून. त्यांना इतकं नीट बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"सर, ओळखीच्या आहेत?"

"नाही." ते हळू आवाजात बोलत होते. "ऊसतोडीला निघालो की माझी आई इथे बसून झोपायची. मी तिच्या मांडीवर आडवा. स्टँडवर तिची पाठ टेकलेली मी कधी बघितली नाही."

नंदुरबारची गाडी लागली. ती सरांची होती, मी तसं म्हणालोही. ते हलले नाहीत. "मी उठलो की कोणीतरी हिला उठवेल."

गाडी निघून गेली. बाईनं झोपेतच पाय लांब केले. सर आणखी कडेला सरकले, आता निम्मे बाकाबाहेर. तिच्याकडे मान वळवली तर तोल जाईल म्हणून त्यांनी मलाच विचारलं,

"बघ रे, मावली का ती?"

"मावली, सर."