बोकोबाची माघार

बोकोबाने संशोधक मुलीकडे एकदाच पाहिलं, पाठ फिरवली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. मुलीने लगेच रेकॉर्डर बंद केला.

"त्याने नकार दिलाय."

"अहो, नकार कसला? तो डॉक्टरांनाही असंच करतो. सख्ख्या आजोबांनाही करतो."

"आमच्या नीतिसमितीचा नियम आहे. आईवडिलांनी होकार दिला तरी बाळाची तयारी नसेल, तर थांबायचं."

बोकोबाची आई ओठ चावत घरी आली. दीड वर्ष उलटलं तरी बोकोबाच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. शेजारची त्याच्याच वयाची चिमुरडी दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची आणि हा नुसता बोट दाखवून घरावर राज्य करायचा. "बोलेल हो," असं सगळेच म्हणायचे. तिला मात्र झोप नव्हती. त्या संशोधक मुलीच्या संस्थेत लहान मुलांच्या बोलण्याचा अभ्यास चालला होता. खेळाचं पूर्ण सत्र पार पडलं, की तिथल्या तज्ज्ञ बाई त्यावरून मुलाचं कुठे काय अडतंय ते नीट समजावून सांगत. तेव्हा काही झालं तरी सत्र पुरं करायचंच, असा तिने चंग बांधला.

दुसऱ्या खेपेला तिने सासूबाईंना बरोबर घेतलं. त्यांनी गेल्या गेल्या पिशवीतून बिस्किटं काढली.

"आजी, हे चालणार नाही. आमिष दाखवल्यासारखं होतं."

"आमिष? नातवाला बिस्किट दिलं तर आमिष?"

सून घाईघाईने म्हणाली, "आई, ठेवा ना आत."

खोलीत बसायचं तर सासूबाईंचाही आवाज रेकॉर्ड होणार. म्हणून त्यांचीही संमती हवी. मुलीने सगळं सावकाश समजावलं. शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही कधीही माघार घेऊ शकता. कारणसुद्धा सांगावं लागणार नाही."

"असं का?" सासूबाई सुखावल्या. "लग्नाच्या वेळी हे कुणी बोललं नाही मला."

सत्र सुरू झालं. बोकोबा चक्क ठोकळ्यांशी खेळू लागला. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "शहाणा गं माझा बोकोबा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मुलीने हळूच विनंती केली, "आजी, जरा कमी बोलाल का?"

सासूबाई उठल्या. "मी माघार घेते."

"आई, अहो, आता शेवटचाच खेळ राहिलाय. काय झालं एवढं?"

"कारण सांगावं लागत नाही."

माघार घेतलेल्याचा आवाज ठेवायचा नाही असा नियम, आणि त्यांचा आवाज तर सुरुवातीपासून सगळीकडे पसरलेला होता. मुलीने उसासा टाकून सगळं रेकॉर्डिंग पुसलं.

तिसऱ्या खेपेला बोकोबाची आई एकटी जाणार होती, तीही पूर्ण तयारीनिशी. बोकोबा बिचकू नये म्हणून तिने घरीच सराव सुरू केला. जेवताना, अंघोळीच्या आधी, अंथरुणावर, ठोकळे मांडून ती त्या मुलीच्याच गोड आवाजात विचारायची, "खेळायचं का आपण? नको असेल तर नको म्हण हं." बोकोबा टक लावून ऐकायचा. सासूबाई दारातून म्हणायच्या, "आता हिलाच दाखवा कुणाला तरी."

ठरल्या दिवशी बोकोबा ऐटीत जाऊन मुलीसमोर बसला. पाठ नाही, रडणं नाही. मुलीने रेकॉर्डर सुरू केला, ठोकळे पुढे सरकवले.

"खेळायचं का आपण? नको असेल तर नको म्हण हं."

बोकोबाने ठोकळ्यांकडे पाहिलं. मग मुलीकडे.

"नको," तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत.

मुलीचा हात आपोआप रेकॉर्डरकडे गेला.

"थांबा," आई पुढे झाली. "तो बोलला. हा त्याचा पहिला शब्द आहे. लिहून घ्या ना."

"नाही घेता येणार हो," मुलगी रडकुंडीला आली होती. "त्याने माघार घेतली. आता त्याचं काहीच वापरता येत नाही."

आईने बोकोबाला उचललं, त्याचे पटापट मुके घेतले आणि तज्ज्ञ बाईंच्या बंद दारावरून, न थांबता, डोळे पुसत बाहेर पडली.

संध्याकाळी तिने दुधाचा पेला पुढे केला.

"नको."

तिने पुन्हा केला.

"नको."

"अरे पण का नको, बाळा? रोज तर पितोस."

सासूबाईंनी आतून हाक मारली, "कारण विचारायचं नसतं गं. नियम आहे."

आईने पेला खाली ठेवला.