‘ज’च्या दुरुस्तीची कार्यवाही

जे सर्वांचे असते ते दुरुस्त करण्याचा हक्कही सर्वांना असतो. सामायिक जिन्यातला दिवा आणि मुक्त सॉफ्टवेअर ही दोन्ही याच थोर तत्त्वावर चालतात. (दिव्याच्या बाबतीत ‘चालतात’ हा शब्द सैल अर्थाने घ्यावा.)

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कोणीही फुकट वाचू शकतो, चूक सापडली तर स्वतः सुधारून पाठवू शकतो, आणि सुधारणा स्वीकारली जाईपर्यंत म्हातारा होऊ शकतो, असे सॉफ्टवेअर. मी स्वतः पोटासाठी एका विमा कंपनीत पगारी कोड लिहितो. तिथे माझा कोड कोणीच वाचत नाही. इथे एका ओळीवर अकरा माणसे तुटून पडतात. असा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

प्रकल्प आहे पडद्यावरचे मराठी मोठ्याने वाचून दाखवण्याचा. मामांची दृष्टी गेल्यापासून त्यांचा फोन याच सॉफ्टवेअरच्या आवाजात बोलतो. मामा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. देवाधर्माशी त्यांचे कधी पटले नाही. लिफ्टमध्ये कोणी देवाचा फोटो चिकटवला की ते तो काढून त्याच्या हातात देत आणि सांगत, “ही दोरावर चालते, कृपेवर नाही.” त्यांची मुलगी, माझी ताई, लांबच्या शहरात परिचारिका आहे. रोज सकाळी ड्यूटीवर जाताना ती वडिलांना दोन शब्दांचा संदेश पाठवते: “बाबा, जपा.”

आता मराठीत ज दोन आहेत. एक ‘जवळ’मधला आणि एक ‘जीव’मधला. स्वतःला सांभाळा, अशा अर्थाच्या ‘जपा’ला पहिला लागतो. यंत्राने दुसरा लावला. परिणामी, काळजी घ्यायला सांगणारी लेक मामांना रोज सकाळी नाम जपायला सांगू लागली.

मामांनी थोडे दिवस ऐकून घेतले. मग उत्तर देणे बंद केले, आणि ताईचा फोन उचलणेही.

“डोळे गेले म्हणून आता देव देव करायचं होय मी?” ते मला म्हणाले. “परक्यानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पोटच्या पोरीनं म्हणावं?”

मी समजावले. “मामा, ती सांभाळून राहा म्हणतेय. यंत्राचा ज चुकतोय.”

“तू लहानपणापासून मिटवामिटवी करतोस,” मामा म्हणाले. “यंत्राला नातीगोती नसतात. ते कशाला कुणाची बाजू घेईल?”

ताईला म्हटले, ‘काळजी घ्या’ असे लिही, विषय संपेल. ती म्हणाली, “मला शाळेत सोडताना बाबा रोज ‘जप गं’ म्हणायचे. त्यांचाच शब्द त्यांना देतेय. मी का बदलू? यंत्र बदल.” खाण तशी माती.

(तुम्ही म्हणाल, कोड खुला आहे तर आपल्यापुरता बदलून मामांच्या फोनात टाकायचा. टाकला होता. मामांनी पहिल्याच सकाळी विचारले, “यात तू हात घातलास?” मला खोटे बोलता आले नाही. “तपासणीचा शिक्का नसलेल्या लिफ्टमध्ये मी पाय ठेवत नाही. रीतसर येऊ दे,” असे म्हणून त्यांनी तो काढायला लावला.)

म्हणून मी रीतसर गेलो.

प्रथम तक्रार नोंदवावी लागते. ‘काय अपेक्षित होते’ या रकान्यात मी ‘जपा’ लिहिले. ‘प्रत्यक्षात काय झाले’ या रकान्यातही ‘जपा’ लिहिले. दोन्ही सारखेच दिसत असल्याने तक्रारीत तथ्य नाही, असे तिथल्या स्वयंचलित पहारेकऱ्याने कळवले. मी खुलासा जोडला. त्यावर कोणी काही बोलले नाही, तेव्हा तक्रारदार निष्क्रिय आहे असे ठरवून पहारेकऱ्याने तक्रार बंद केली. दुसऱ्याने उत्तर दिले नाही म्हणून आपण निष्क्रिय ठरतो, ही व्यवस्था मी तोवर फक्त घरातच पाहिली होती.

मग मी थेट बदलच पाठवला. ‘जवळ’सारख्या शब्दांची एक यादी कोडमध्ये आहे. तिच्या शेवटी मी ‘जपा’ लिहिले. एक शब्द, एक ओळ.

प्रथम ‘काटेकोर’ या टोपणनावाचे गृहस्थ आले. माझ्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली होती. “जागा दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही,” असे त्यांनी लिहिले. (हे मी मामांना सांगितले नाही. त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटला असता.) मी जागा काढली. मग त्यांनी ‘जपा’ हा ‘जरा’च्या आधी यायला हवा, हे दाखवून दिले. तेही बरोबर होते. त्यांचे सगळेच बरोबर असते.

त्यानंतर ‘अर्धविराम’ आले. त्यांनी गंभीर मुद्दा मांडला: “एका मामांसाठी समस्त भाविकांचा जप बिघडवायचा का?” कोणी ‘नाम जपा’ असे पाठवले तर? मुद्दा रास्त होता, आणि रास्त मुद्द्याइतके वेळखाऊ जगात दुसरे काही नाही. संदेश पाठवणारा किती श्रद्धाळू आहे हे आधी यंत्राने ओळखावे, आणि मग ज ठरवावा, असा प्रस्ताव आला. श्रद्धा मोजण्यासाठी एक गट नेमला गेला. गटाचे नाव काय असावे यावर मतदान झाले. ज्यांनी सुचवलेले नाव पडले त्यांनी प्रकल्पाची प्रत काढून स्वतःचा वेगळा प्रकल्प सुरू केला. या क्षेत्रात याला फाटा फोडणे म्हणतात. मराठी माणूस हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे, त्याला फक्त सॉफ्टवेअर मिळायचे बाकी होते.

नवा प्रकल्प जोमात आहे. त्याचे बोधचिन्ह तयार आहे. उच्चार जुनेच आहेत.

या सगळ्यांना कोणी छदाम देत नाही. दिवसभर कुठेतरी राबून, पोराबाळांचे आवरून ही माणसे बसतात आणि न पाहिलेल्या माणसाच्या फोनला बोलायला शिकवतात. मामांना आज पेपर ऐकता येतो तो त्यांच्यामुळे. मला त्यांचे खरोखर कौतुक वाटते, आणि त्यांच्यापैकी दोघांना तरी एकदा समोर बसवावे असेही वाटते.

प्रकल्प मूळ ज्यांनी सुरू केला त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ‘घरी बाळ आहे, सवडीने बघतो’ ही त्यांची सूचना मुखपृष्ठावर आहे. (बाळ हल्ली त्याच प्रकल्पात कोड पाठवते, आणि आप्पा तो सवडीने बघतात.) अखेर आप्पांनी माझी ओळ पाहिली. निकाल एका वाक्याचा होता: भाविकांसाठी ‘नाम’ शब्द शेजारी आला तर जुना ज ठेवावा, एरवी हा बदल योग्य. पहिली मान्यता त्यांनी दिली. नियमाने दोन लागतात. दुसरी कोणीही मराठी वाचणारा देऊ शकतो. ओळ एकदा मोठ्याने वाचायची, आणि ‘उच्चार तपासला’ असे लिहून खाली नाव टाकायचे, एवढेच काम.

चर्चेखाली अंगठे आले. बदामही आले. कोणी टाळ्यांचे चित्र ठेवले. ‘तपासला’ एवढे मात्र कोणी लिहिले नाही. मी लिहू शकत नाही, कारण ओळ माझी आहे. ताई लिहू शकत नाही, कारण संदेश तिचा आहे. हितसंबंधांबाबत प्रकल्प फार कडक आहे.

दरम्यान ताईचे संदेश थांबले. “किती दिवस भिंतीशी बोलू?” असे ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला बरा वाटला नाही.

मी परवा सकाळी मामांकडे गेलो तेव्हा ते खिडकीजवळ खुर्चीत फोन कानाशी धरून बसले होते. फोन सांगत होता, “नवीन संदेश नाही.” त्यांनी पुन्हा बटण दाबले, त्याने पुन्हा सांगितले. या वाक्यात ज येत नाही, त्यामुळे उच्चार निर्दोष होता.

तर दुसरी मान्यता अजून बाकी आहे. तुम्ही मराठी वाचता, आणि ‘बाबा, जपा’ हे वाचताना तुमचा ज एकदाही चुकला नाही. म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही पात्र आहात. आत्ता तुमच्या मनात काय आले तेही मला ठाऊक आहे: इतके लोक वाचत आहेत, कुणीतरी करेलच. हे वाक्य चर्चेत आधीच कोणीतरी लिहून ठेवले आहे. सगळ्यांत जास्त अंगठे त्यालाच आहेत.